पाठीवर काढलेले आठ आठवडे

मणक्याचा टीबी आहे असं कळलं तेव्हा मला आधी हायसंच वाटलं. पाच महिने पाठ दुखत होती आणि पाच महिने मी त्याचा दोष कधी वर्गात उभं राहण्याला, कधी स्कूटीला, तर कधी घरातल्या जुन्या गादीला देत होते. आता निदान दुखण्याला नाव तरी मिळालं. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. दोन मणक्यांमधली चकती उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती आणि मागे पुवाचा एक लहानसा फुगा होता. फुग्याला लागूनच मज्जारज्जू.

"नस पर अभी दबाव नहीं है," ते म्हणाले. "दबाव आया तो पैर जा सकते हैं. दवाई तो लंबी चलेगी, पर अभी आठ हफ्ते बिस्तर. बाथरूम के लिए भी नहीं उठना है."

"बाथरूम के लिए भी नहीं?" मी विचारलं.

"भी नहीं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी. शरीराचे धडे मला तोंडपाठ आहेत. विदर्भातल्या आमच्या गावच्या शाळेत मी पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जन संस्था असं शिकले, इथे जयपूरला येऊन पाचन तंत्र, श्वसन तंत्र, उत्सर्जन तंत्र असं शिकवायला लागले. धडे तेच. एक संपला की त्याची चाचणी घ्यायची आणि पुढचा सुरू करायचा. आठ आठवडे पाठीवर पडून राहिल्यावर यातल्या प्रत्येक संस्थेचं काय होतं, हा प्रश्न मात्र कुठल्याच धड्याखाली नव्हता.

आमचं घर दुर्गापुऱ्यात, भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नवरा रेल्वेत लोको पायलट. तीनातले दोन दिवस तो गाडीवर असतो आणि इंजिनात चढला की फोन बंद. मुलगी नववीत. मला स्ट्रेचरवरून वर आणलं तेव्हा मागच्या खोलीतल्या दिवाणावरची गादी काढून फळीवर पातळ गादी घातलेली होती. मला तिच्यावर उताणं ठेवलं आणि मी छताकडे पाहिलं. पंखा, ट्यूबलाइट आणि पंख्याच्या आकड्यापासून भिंतीपर्यंत गेलेली एक चीर. पुढचे दोन महिने हेच पाहायचं होतं.

माझं करायला सासूबाई आल्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांना मी आई म्हणते, पण आमच्यात फारसा गोडवा कधी नव्हता. मी नोकरी सोडली नाही याचा त्यांना राग, आणि तो राग त्या कधी बोलून दाखवत नाहीत याचा मला. सासरे गेल्यापासून त्या गावी एकट्याच राहत होत्या. घर, परसातली चार झाडं, शेजारणी. हे सगळं कुलूपबंद करून त्या एक पिशवी घेऊन आल्या. हिंदी येत नाही. जयपूरची थंडी माहीत नाही. आल्या त्या दिवशी मुलीचे लोकरीचे मोजे पायात चढवले आणि मला म्हणाल्या, "आता सांग, काय काय करा लागते तुयं."

काय काय करावं लागत होतं ते लिहायलाही आज जड जातं. दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायचं, तेही ओंडका फिरवल्यासारखं, खांदा आणि कंबर एकाच वेळी, पाठीला पीळ पडता कामा नये. त्या पाठीखालची चादर दोन्ही हातांत धरून ओढायच्या. बेडपॅन द्यायचा, धुवायचा. पहिल्या दिवशी बेडपॅनवर मला लघवीच होईना. मूत्राशय तटतटलेलं, पण आडव्या अंगाने, कुणीतरी दाराशी उभं असताना, त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू सैलच पडेना. चेतासंस्थेच्या धड्यात मी मुलांना सांगत आले होते की हा स्नायू आपल्या इच्छेने चालतो. इच्छा होती. शेवटी आईंनी बाथरूमचा नळ सोडला आणि त्या मुद्दाम बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा झाली. टीबीच्या गोळ्यांमुळे ती गडद केशरी. आईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग गेला.

"रक्त हाय काय व हे?"

"नाही आई, गोळीचा रंग आहे. गोळी पोटात विरघळते, लिव्हरमधून जाते, मग किडनीतून बाहेर पडते. रंग तसाच राहतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भांडं उचलून घेऊन गेल्या.

चौथ्या दिवसापासून पोट बंद पडलं. आतडी पुढे ढकलतात हे खरं, पण माणूस चालतो, वाकतो, उठतो तेव्हा त्यांना हातभार लागतो. तो हातभार थांबला होता. इसबगोल, कोमट पाणी, पपई. तिसऱ्या आठवड्यात पिंडऱ्या सैल पिशव्यांसारख्या लोंबायला लागल्या. सांगानेरहून एक फिजिओ आठवड्यातून दोनदा यायची. ती माझे पाय धरून घोटे वर-खाली करायला लावायची आणि म्हणायची, "मॅडम, पिंडली दूसरा दिल है. ये नहीं दबेगी तो खून ऊपर कैसे जाएगा?" मला ते माहीत होतं. मी ते फळ्यावर काढत असे, शिरांमधल्या झडपांसकट. तीच मला एक प्लास्टिकचं यंत्र देऊन गेली. नळीतून श्वास आत ओढायचा आणि तीन रंगीत गोळे वर उचलायचे, फुप्फुसांचा तळ मिटून जाऊ नये म्हणून. माझा दुसरा गोळा जेमतेम हलायचा. पाणी भरपूर प्यायचं, कारण न वापरलेल्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि मूत्रपिंडात खडे धरतात. पाणी प्यायलं की बेडपॅन. बेडपॅन म्हणजे आई. म्हणून मी पाणी कमी प्यायचे.

रोज सकाळी मी पायाचे अंगठे हलवून बघायचे. हलले की दिवस सुरू.

आईंचा चेहरा मला उलटा नाहीतर तिरपा दिसायचा, त्या माझ्यावर वाकायच्या तेव्हा. इतक्या जवळून त्यांना मी लग्नानंतरच्या सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तिथेच, पाचव्या आठवड्यात, मला त्यांच्या मानेवरची शीर दिसली. कानाच्या खालून गळ्यापर्यंत फुगलेली, आत काहीतरी लपलपत होतं. दुपारी त्या माझ्या शेजारी खाली गादी टाकून पडायच्या. आधी एक उशी घ्यायच्या, मग दोन, मग घडी केलेली रजई पाठीशी लावून कपाटाला टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटायला लागल्या. आडवं झालं की खोकला येतो म्हणाल्या. एकदा फळीच्या कडेवर बसून त्यांनी मोजा काढला तर इलॅस्टिकचा वळ घोट्यावर बोटभर खोल रुतला होता.

"आई, पाय सुजलेत तुमचे."

"उभी राह्यते दिवसभर. सुजणारच न."

"बोटाने दाबून बघा."

त्यांनी दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी मोजा वर ओढला. "मले काई नाई झालं. तू उगीमुगी राह्य."

त्याच संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ बसून गृहपाठ करताना म्हणाली, "मम्मी, आजी ना, मतलब, दूध घेऊन वर येते तर मधे बैठून जाते. सीढ्यांवर. दोनदा बैठते."

मला कळलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. हृदय पुढे ढकलू शकत नसलं की रक्त मागे तुंबतं. उजवीकडे तुंबलं की मान फुगते, पाय सुजतात. डावीकडे तुंबलं की फुप्फुसांत पाणी झिरपतं आणि आडवं पडल्यावर ते पाणी सगळीकडे पसरतं, म्हणून माणसाला उशा लागतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, त्याला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, मग तेही मीठ-पाणी धरून ठेवतं. सगळ्या धड्यांची मिळून एकच ओळ.

आणि मी आठ दिवस गप्प बसले.

दोन दिवसांनी नवरा घरी होता. त्याने माझ्या केसांना तेल लावून दिलं, गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या. "माय थकली दिसते," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, थंडी आहे ना." मी असं का म्हटलं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. आईंना दवाखान्यात नेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बेडपॅन कोण देणार, हे माझ्या डोक्यात आलं. मुलगी? नवरा? परकी बाई? मी त्या विचाराशी थांबले आणि पुढे गेले नाही. पडून राहणाऱ्या माणसाचं जग फार लहान होतं. ते कमरेएवढं होतं.

मग संक्रांत आली. जयपुरात त्या दिवशी घरात कुणी राहत नाही, सगळं शहर गच्चीवर असतं. सकाळपासून चारी बाजूंनी स्पीकर, शिट्ट्या, पतंग कापला की आरोळ्या. नवरा गाडीवर होता. मुलीला मीच वर पाठवलं, दीड महिना तीही खोलीत कोंडल्यासारखी झाली होती. आईंनी पहाटेपासून तिळाचे लाडू वळले. अकराच्या सुमाराला त्या मला कुशीवर वळवायला आल्या, चादर हातात घेतली आणि ती सोडून फळीच्या कडेला हात टेकून उभ्याच राहिल्या.

"काय झालं आई?"

त्यांनी मान हलवली. श्वास दोन शब्दांएवढाही नव्हता. कपाळावर घाम, जानेवारीच्या थंडीत. छातीतून बुडबुड आवाज येत होता. त्या हळूहळू खाली बसल्या आणि मला दिसेनाशा झाल्या.

"आई!"

"पडते... जरा..."

"नाही! आडव्या होऊ नका! आई, बसून राहा. माझ्या फळीला पाठ लावा. पाय पुढे सोडा. झोपू नका, झोपलात तर श्वास बंद होईल!"

मला फक्त छत दिसत होतं. खालून कपड्यांचा आवाज आला, मग फळीला धक्का बसला, त्या टेकल्या असाव्यात. मी मुलीच्या नावाने हाका मारल्या. पाण्याचा स्टीलचा ग्लास घेऊन भिंतीवर आपटला. वर स्पीकरवर गाणं चालू होतं आणि गच्ची पावलांनी दणदणत होती. माझ्या डोक्यावर सात-आठ फुटांवर पंधरा-वीस माणसं होती. एकालाही ऐकू गेलं नाही.

फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. हात लांब केला तर वीतभर कमी पडत होता. वळल्याशिवाय पोचणार नव्हते, आणि एकटीने वळायचं नाही ही पहिल्या दिवसापासूनची ताकीद. मी गुडघे जवळ घेतले, हात छातीशी बांधले, फिजिओने शिकवलेलं आठवून पोट आवळलं आणि खांदा-कंबर एकदम फिरवली. पाठीत कळ आली, ती थेट दातांपर्यंत गेली. पण वळले. चार्जरची वायर बोटात आली, ओढली, फोन खिडकीतून सुटला, माझ्या अंगावर आपटला आणि मागे, आईंच्या बाजूला खाली पडला.

"आई, फोन. तुमच्याजवळ पडलाय. द्या मला."

काहीच झालं नाही. फक्त तो बुडबुड श्वास. मग पाठीमागून माझ्या खांद्याजवळ एक हात वर आला, निळसर नखांचा, त्यात फोन होता.

मुलीने उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. खालच्या मजल्यावरच्या भाभींना लावला. त्या पकोड्या तळायला गच्चीवरून खाली आल्या होत्या, म्हणून त्यांनी उचलला. "भाभी, जल्दी आइए, माँजी की साँस," एवढंच मला म्हणता आलं.

त्या आल्या, मागोमाग मुलगी, गच्चीवरचे दोन पुरुष. मी कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, मला काही दिसत नव्हतं. मी भिंतीलाच सांगत होते, कुर्सी पर बिठाकर ले जाइए, लिटाना मत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी आईंना जिन्यातून उतरवलं. मुलगी माझ्या पायाशी रडत उभी होती.

"तू जा," मी म्हटलं. "आजीला हिंदी येत नाही. डॉक्टर विचारतील ते तू तिला सांग."

"आणि तू?"

"मी कुठे जाते आहे?"

भाभींनी जाता जाता मला उताणं केलं आणि विचारलं, आमच्या सुनेला पाठवू का बसायला? मी म्हटलं, नको, गरज नाही. एका नव्या मुलीने येऊन मला बेडपॅन द्यावा, हे मला नको होतं. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मग मी अंगठे हलवून बघितले. काही कळेना. हलले की नाही हे पाहायला मान उचलावी लागली असती आणि ती उचलायची हिंमत उरली नव्हती. चादरीचा स्पर्श अंगठ्याला लागतो का, एवढंच शोधत राहिले. बऱ्याच वेळाने लागला. दोन्हींना.

त्यानंतरचे पाच तास मी त्या खोलीत एकटी होते. वर उत्सव चालू होता. दोनदा मुलीचा फोन आला. "मम्मी, ऑक्सिजन लावलाय. सुई दिली, सूसू होण्याची. डॉक्टर म्हणतात, लंग्समध्ये पाणी आहे, ते किडनी बाहेर काढणार." मग म्हणाली, "आजीला होऊन राहिली सूसू. बहुत सारी. मतलब, ते अच्छा आहे म्हणतात."

मी रडत हसले. एकीकडे त्या बाईच्या मूत्रपिंडाने तिची फुप्फुसं कोरडी करायला घेतली होती आणि इकडे माझं मूत्राशय भरत आलं होतं. तीन वाजले. बेडपॅन बाथरूममध्ये. मी दुसरीकडे लक्ष वळवायचा प्रयत्न केला, पाढे म्हटले, चिरेवरून नजर फिरवली. शेवटी जे व्हायचं ते झालं. आधी गरम, मग थोड्याच वेळात बर्फासारखं गार. त्या ओल्यात पडून मला सहा दिवसांपूर्वीचा तो दिवस आठवत राहिला, तेल लावणारा नवरा आणि माझं ते "थंडी आहे ना". हात मोकळे होते माझे, तोंड मोकळं होतं. पाठीचा मणका बोलण्याच्या आड येत नव्हता.

पाच वाजता भाभी परत आल्या. दारातच त्यांना वास आला असणार. त्यांनी गरम पाणी आणलं, मला पुसलं, चादर बदलली. मग म्हणाल्या, "माँजी ठीक हैं. पानी माँग रही हैं, देते नहीं."

आईंचं हृदय कमजोर झालं होतं. पंपिंग फार कमी, आणि कधीतरी आधी, गावीच, एक झटका येऊन गेला असावा जो त्यांनी पित्त म्हणून अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला, रजा टाकली, आणि मला बेडपॅन देणं त्याच्याकडे आलं. जगबुडी झाली नाही. ज्याच्यासाठी मी गप्प बसले होते, ते एवढंच होतं.

आठवड्याने आई परत आल्या, खुर्चीतूनच वर. त्यांचा पलंग माझ्याच खोलीत लागला. एका खोलीत आम्ही दोघी, मी सपाट आणि त्या तीन उशांवर. मला पाणी भरपूर प्यायचं होतं, त्यांना मोजून. माझ्या जेवणात सगळं चालत होतं, त्यांच्या जेवणात मीठ नाही. त्या लोणच्यासाठी तळमळायच्या.

एके दुपारी घरात कुणी नसताना मी छताकडे बघत म्हटलं, "आई, मला कळलं होतं. पाय सुजले तेव्हाच. मी बोलले नाही."

पलीकडच्या उशांवरून आवाज आला.

"कामून नाई बोल्ली?"

"तुम्ही गेल्यावर माझं कोण करेल म्हणून."

त्यांनी उशी सारखी केली. "मले बी तेच वाटत होतं," त्या म्हणाल्या. "मी पडली तं हिचं कोण करन. म्हणून मी बी नाई बोल्ली." मग थोड्या वेळाने, "पण तू शिकेल हाय. तुयं चुकलंच."

"हो."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी चूक कुणाची ते सांगितलं आणि विषय संपवला.

आठ आठवडे पुरे झाल्यावर मला कडक पट्टा बांधून बसवलं. बसता क्षणी खोली काळी झाली. रक्त पायांकडे ओघळलं आणि त्याला वर ओढण्याची सवय शिरांना राहिली नव्हती. नुसतं बसायला तीन दिवस लागले, पाचव्या दिवशी उभी राहिले. गुडघे लहान मुलासारखे दुमडले. नवऱ्याने धरलं. आई उशांवरून पाहत होत्या, "हळू, हळू व," म्हणत होत्या.

आईंना गावी जायचं होतं. रोज विचारायच्या, गाडीचं तिकीट काढलं काय. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं प्रमाण बसेपर्यंत नाही, आणि जिने तर अजिबात नाही. म्हणजे दुसरा मजला उतरायचाच नाही. मार्चमध्ये मी पट्टा बांधून शाळेत जायला लागले, आधी अर्धा दिवस. नवरा गाडीवर, मुलगी शाळेत, आई घरात. बाल्कनीत खुर्ची टाकून दिली होती. समोर दुसऱ्या इमारतीच्या टाक्या आणि वायरी.

पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा त्या भिंत धरत दारापर्यंत आल्या. त्यांना दार उघडायला उठावं लागू नये म्हणून मी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालत होते. एक चावी मुलीकडे होती.

"कुलूप नोको लावू," त्या म्हणाल्या.

"आई, कोणी आलं तर तुम्हाला उठावं लागेल."

"उठीन. मले कुठं जायचं हाय, जिना बी उतरता येत नाई." जाळीला त्यांची बोटं होती. "पण नोको लावू."

मी कुलूप पर्समध्ये टाकलं. कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले. पहिल्या वळणावर दम लागला म्हणून थांबले आणि वर पाहिलं. त्या जाळीमागे तशाच उभ्या होत्या.